मनगट धरणारी मेहुणी

माझ्या मेहुणीनं उभ्या आयुष्यात एकदाही हस्तांदोलन केलेलं नाही. ती करते असं लोकांना वाटत आलं, पण ते खरं नाही. नॉटिंगहॅममध्ये जी मराठी माणसं राहत होती, राहून गेली किंवा नुसती वीकेंडला पाहुणी म्हणून आली, त्या सगळ्यांची तिनं नाडी पाहिली आहे, आणि आपण तपासले गेलो हे त्यांतल्या निम्म्यांना आजतागायत ठाऊक नाही. कुणी हात पुढे केला की तो ती दोन्ही हातांत घेई, इतक्या आपुलकीनं की नवख्या माणसाला भरून यावं. मग तिची बोटं अंगठ्याच्या बुडाशी जाऊन बसत, नजर छताला लागे, आणि तोंडानं "प्रवास बरा झाला न? आई कशी आहे?" असं चालू राही. समोरचा बिचारा आईबद्दल सविस्तर सांगू लागे. त्यातलं एक अक्षर ती ऐकत नसे. हे पूर्ण मिनिटभर चाले. घड्याळाकडे ती बघत नसे. मिनिट किती लांब असतं ते तिला पाठ होतं. ते संपलं की ती "रेग्युलर" एवढंच म्हणे आणि हात ज्याचा त्याला परत करी. लांबून नमस्कार करणाऱ्यांचीही सुटका नव्हती. "जय भीम" म्हणून जोडलेले हात खाली येता येता वाटेतच त्यांतला उजवा ती काढून घेई. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष एका वर्षी कार्यक्रमाच्या दारात स्वागताला उभे राहिले. त्यांचा हात मेहुणीपाशी अडकला, मागे रांग लागली, आणि रांगेतल्या पुण्याहून नुकत्याच आलेल्या दोन सॉफ्टवेअरवाल्यांनी, आत जायचं तर इथं हे करावंच लागतं अशा समजुतीनं, मनगटावरची घड्याळं काढून खिशात ठेवली.

ती माझ्या बायकोची धाकटी बहीण. दोघी नागपूरच्या. बायको माझ्याबरोबर आधी आली आणि इथल्या शाळेत गणित शिकवू लागली. मी विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करू लागलो. काही वर्षांनी मेहुणी नर्स म्हणून आली ती आमच्याच घरात, जिन्यावरच्या लहानशा खोलीत उतरली. जागा मिळेपर्यंत राहते म्हणाली होती. जागा लवकरच मिळाली, पण त्या जागेकडे जायला तिला बराच काळ सवड झाली नाही. पुढे ती शिकत गेली, परीक्षा देत गेली, आणि हृदयाचा ठेका बिघडलेल्या माणसांची नर्स प्रॅक्टिशनर झाली. या हुद्द्याला मराठीत काय म्हणावं हे मला, शब्दांच्या संगतीत जन्म काढलेल्या माणसालाही, ठरवता आलं नाही. ती स्वतः रोगी तपासी, छाती ऐके, ईसीजी वाची, औषधं कमीजास्त करी, आणि ज्यांचा ठेका औषधांनी ताळ्यावर येत नसे त्यांना, भूल देणारे डॉक्टर उशाशी उभे असताना, छातीवर विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणी. पण नर्स म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर सलाइनची बाटली बदलणारी बाईच येते. आमच्या मंडळाचे खजिनदार एकदा छातीत धडधडतं म्हणून तिच्या क्लिनिकला गेले. तिनं त्यांना तपासलं, प्रश्न विचारले, कागद काढून वाचला, औषध लिहून दिलं, पुढची तारीख दिली. तरी खजिनदार उठेनात.

"काही राहिलं का?" तिनं विचारलं.

"नाही, डॉक्टर कधी येणार?"

"येऊन गेले. मीच होती ते," मेहुणी म्हणाली आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

तिला माणसांची नावं लक्षात राहत नसत. ठेके राहत. एखाद्याबद्दल बोलताना ती "ते नाही का, मधूनच एक ठोका खातात ते" किंवा "ती, जिचा नवरा इंडियाला गेला की पल्स उतरते ती" अशा खुणा सांगे. गंमत अशी की हळूहळू आम्हीही माणसं तशीच ओळखू लागलो. मी चाळीस वर्षं पुस्तकं विषयवार लावत आलो आहे. तिच्या वर्गीकरणात मला चूक सापडली नाही. क्लिनिकमध्ये तर ती रोग्यांकडून टेबल वाजवून घेई. छातीत काय होतं ते शब्दांत सांगू नका, बोटांनी वाजवून दाखवा, असा तिचा आग्रह. खाणीत जन्म गेलेले नॉटिंगहॅमचे धिप्पाड म्हातारे तिच्यासमोर बसून लाजत लाजत टेबलावर टकटक करत, आणि ती डोळे मिटून, मान डोलवत ऐके. त्या भागात माणसं एकमेकांना लाडानं 'डक' म्हणतात, म्हणजे बदक. मेहुणीनं ते उचललं आणि मराठीत आणलं. "अहो डक, जरा जोरात वाजवा," हे वाक्य मी फोनवर कित्येकदा ऐकलं आहे, कारण मंडळातल्या कुणालाही रविवारी जेवणानंतर धडधडलं की फोन आमच्याकडे यायचा. पहिल्यांदा लोक रिसीव्हर छातीला लावत. मेहुणी ओरडून सांगायची की छाती नको, टेबल. एका बाईंनी घाईत पाट्यावर वाजवलं. तो ठेका आजही निदानाविना पडून आहे.

तिचं लग्न व्हावं असं माझ्या बायकोला फार वाटे. तिला स्वतःला तसं वाटत होतं का, हे विचारायला कुणाला सुचलं नाही. लंडनजवळ क्रॉयडनला एक चांगले गृहस्थ होते, अकाउंटंट, घटस्फोटित, स्वतःचं घर असलेले. आम्ही तिघं ट्रेननं, मग ट्राममधून, त्यांच्याकडे गेलो. पोहे झाले, चहा झाला, मोठी माणसं सोयीस्करपणे बाग बघायला उठली. आम्ही परतलो तेव्हा मेहुणीनं त्यांचा हात हातात घेतलेला होता. बायकोच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी नंतर फार थोड्या वेळा पाहिला. परतीच्या ट्रेनमध्ये तिनं न राहवून विचारलं, "मग? कसं वाटलं स्थळ?"

"चांगले आहेत. पण ताई, त्यांना आधी बीटा ब्लॉकर लागन."

बायको खिडकीकडे तोंड करून बसली ती ल्युटन स्टेशन गेलं तरी वळली नाही. पण गृहस्थांनी मेहुणीचा सल्ला मानला, तपासून घेतलं, आणि खरोखरच त्यांना औषध चालू झालं. दर ख्रिसमसला त्यांचं कार्ड येतं. नंतर त्यांनी दुसऱ्या कुणाशी लग्न केलं. तिचाही ठेका मेहुणीनं लग्नाच्या रिसेप्शनमध्ये बघून घेतला.

एकच गोष्ट तिला येत नसे, आणि ती म्हणजे स्वयंपाक. हे मी मेहुणीबद्दलच्या परंपरागत चेष्टेखातर लिहीत नाही. ही नोंद आहे. फोडणीकडे तिचं लक्ष टिकत नसे. मोहरी तडतडू लागली की ती ऐकत उभी राही आणि "बघा भाऊजी, आधी एकदोन येतात, मग लागोपाठ रन येतो," असं सांगेपर्यंत मोहरी कोळसा झालेली असे. मीठ ती औषधासारखं, म्हणजे कमीत कमी, देई. आमच्या घरात राहायला आल्यावर पहिल्या महिन्यातच बायकोनं तिला प्रेमानं, पण कायमचं, ओट्यापासून दूर केलं.

ओटा बायकोचा होता आणि तशीच बायकोची एक अलॉटमेंट होती. अलॉटमेंट म्हणजे कौन्सिल भाजीपाला लावायला वर्षाच्या भाड्यानं देते तो जमिनीचा तुकडा. तिचा तुकडा टेकडीच्या चढावर, वरच्या अंगाला होता. शेजारचे इंग्रज लोक बटाटे, लीक आणि गुलाब लावत. हिनं मेथी लावली, पालक लावला, चाकवत, आंबट चुका, लाल माठ लावला. इंग्लंडच्या उन्हात मेथी येईल का म्हणून लोक विचारत, तेव्हा ती "तिला सांगितलं नाहीये हे इंग्लंड आहे ते," असं उत्तर देई. शाळा सुटली की ती मुलांच्या वह्या पिशवीत घालून थेट वर जाई. तिचं घर कुठलं, असं मला कुणी शपथेवर विचारलं असतं, तर मी आमचा पत्ता सांगितला नसता, टेकडी दाखवली असती. जास्तीची भाजी ती निवडून, चिरून, पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवी. आमच्या फ्रीजरमध्ये हिवाळ्यात मेथीखेरीज काही मिळत नसे. मी एकदा आइस्क्रीम शोधत असताना मेथीचे पाच थर काढले आणि सहाव्या थराला पालक लागला.

एका वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात सॉफ्टवेअरवाल्यांचं लेझीम होतं. मेहुणी पहिल्या रांगेत, आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. लेझीम वाईट होतं. वाईट असण्यातही एक पद्धत असते, तीही त्यात नव्हती. मेहुणी कानात म्हणाली, "भाऊजी, आमच्याकडे एक ठेका असतो, त्याच्यात नियम तर नसतोच, चुकण्याचाही नियम नसतो. हे तसं चालून राहिलं." मी हसलो. बायकोही हसली, आणि हसताना तिला धाप लागली. मेहुणीनं सवयीनं तिचा हात उचलून मांडीवर घेतला. समोर ती मुलं उड्या मारत होती. मेहुणीची नजर छताला लागली. मिनिट झालं, आणखी एक झालं असावं. लेझीम संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या, पण मेहुणीला वाजवता आल्या नाहीत, कारण तिनं बहिणीचा हात सोडलेला नव्हता. आणि मी वाट बघत होतो तो शब्द तिनं उच्चारला नाही.

"काय गं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही ताई. उद्या सकाळी माझ्याबरोबर चाल."

हृदयाच्या वरच्या कप्प्यांनी शिस्त सोडली होती. जिवावरचं लगेच काही नव्हतं, पण अशा हृदयात रक्त रेंगाळतं, त्याची गुठळी होते आणि ती डोक्यात जाऊ शकते. म्हणून आधी रक्त पातळ ठेवायचं, आणि ते ठरलेल्या मापात सलग काही आठवडे राहिलं की मगच विजेचा झटका देऊन ठेका जागेवर आणायचा. मधे एखाद्या आठवड्याला जरी माप चुकलं, तरी आठवडे पहिल्यापासून मोजायचे. हे सगळं मला समजलं. बायकोला त्यातलं एकच समजलं, की तोपर्यंत तिला टेकडी चढता येणार नाही. ती अर्ध्या चढावर थांबे, कुंपणाला धरून वर बघे आणि परत येई. तशात अलॉटमेंटच्या कमिटीचा सभ्य भाषेतला निरोप आला, की तुकडा पडीक दिसतो आहे. वसंतापर्यंत खणलेला दिसला नाही तर वेटिंग लिस्टवरच्या दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. मी खणतो म्हणालो. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि विषय बदलला.

मेहुणीला बहिणीवर उपचार करता येत नव्हते. नात्यातला पेशंट घ्यायचा नाही, हा तिथला नियम, आणि नियम मोडणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं बहिणीची फाइल आपल्या सहकारी बाईंकडे दिली आणि स्वतः त्या खोलीच्या दारातही गेली नाही. पण करायला काहीच नसणं हे तिला सोसत नसे. पालेभाजीनं रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जोर कमी होतो. रोज तेवढीच खाल्ली तर डॉक्टर त्या हिशेबानं औषध बसवतात. आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही, असं करायचं नसतं. क्लिनिकमधल्या प्रत्येक रोग्याला हे ती न चुकता सांगत आली होती. खाणीतल्या म्हाताऱ्यांना त्यांचा कोबी तिनं कधी सोडू दिला नाही. "रोजची आहे तेवढी चालू द्या, डक," म्हणायची. आणि सख्ख्या बहिणीला मात्र तिनं दारातूनच ओरडून सांगितलं, "ताई, एक पानही खायचं नाही! कोथिंबीरही नाही!"

एवढ्यावर ती थांबली नाही. तिनं मंडळातल्या घराघरांत फोन केले. आमच्या लोकांना कुणी आजारी पडलं की भाजी करून पोचवायची असते. कुणी मेथीचे ठेपले आणत होतं, कुणी अळूवडी. तो सगळा पुरवठा एका दुपारीत तुटला. लोकांनी तिचं इतकं ऐकलं की मंडळाच्या जेवणात बायको दिसताच अध्यक्षांच्या पत्नीनं भाजीवरची कोथिंबीर एकेक करून वेचून काढली. आयुष्यभर दोन्ही वेळा पालेभाजी खाल्लेली माझी बायको अचानक बटाट्यावर आली. औषध मात्र तिच्या जुन्या मेथीच्या हिशेबानं बसवलेलं होतं. पुढच्या तपासणीत रक्त इतकं पातळ निघालं की सहकारी बाईंनी भुवया उंचावल्या. औषध कमी केलं. कमी केलं तर त्याच्या पुढच्या वेळी माप खाली गेलं. झालेले आठवडे वाया गेले, आणि झटक्याची तारीख पुढे ढकलली.

"काय खाल्लंत गेल्या महिन्यात?" सहकारी बाईंनी विचारलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "माझ्या बहिणीनं सांगितलं होतं."

सहकारी बाईंनी यावर काहीही न बोलण्याचं सौजन्य दाखवलं. ते मेहुणीला फार लागलं.

त्या रविवारी ती आमच्याकडे आली तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या होत्या, म्हणून प्रथमच तिनं कुणाचा हात धरला नाही. ओट्यापाशी गेली. फ्रीजर उघडला, मेथीचा थर काढला, पालकाचा काढला, आणि वजनकाटा मांडून बहिणीची जुनी रोजची भाजी किती होई, ते तिला विचारून वजन करू लागली. बायको मधे पडली, "अगं, मी करते ना."

"तू अंदाजानं करते ताई. अंदाज नको आता."

"आणि चव?"

"तिचा औषधाशी संबंध नाही."

दुपारभर स्वयंपाकघरातून मोहरीचा धूर येत होता. संध्याकाळी फ्रिजमध्ये आठवडाभराचे डबे ओळीनं उभे राहिले, प्रत्येकात हिरवट काळी, बिनमिठाची, सारख्या वजनाची भाजी. ती आठवडाभर खायची, पुढच्या रविवारी पुढची. एकटीला खाववणार नाही म्हणून मलाही तेवढीच वाढली जाई. माझं रक्त नेहमीप्रमाणं होतं, पण ते कुणी विचारात घेतलं नाही. पहिला डबा संपवून बायको पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "हृदय होईल हो दुरुस्त. पण मग जगावंसं वाटायला पाहिजे." तरी तिनं एकाही दिवशी डब्यात भाजी उरवली नाही, की वरून मीठ घेतलं नाही. मी एकदा गुपचूप लोणचं पुढे सरकवलं, तर तिनं ते झाकण लावून परत ठेवलं. "तिला करायला एवढंच उरलंय," म्हणाली. तो सबंध हिवाळा आम्ही दोघांनी समोरासमोर बसून ती भाजी खाल्ली. रक्त हळूहळू मापात आलं, आणि मापातच राहिलं.

झटक्याच्या दिवशी मेहुणी रजा घेऊन, साध्या कपड्यांत, माझ्या शेजारी बाहेरच्या खुर्चीवर बसली. याच खुर्च्यांवर बसलेल्या नातेवाइकांना ती वर्षानुवर्षं सांगत आली होती, की घाबरायचं काही नाही, लहानसं काम आहे, चहा संपायच्या आत होईल. आज तिची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. मी बराच वेळ ऐकलं. नियम नव्हता, चुकण्याचाही नव्हता.

"जरा जोरात वाजव, डक," मी म्हणालो.

"गप्प बसा न भाऊजी."

दार उघडलं, सहकारी बाईंनी मान हलवून आत बोलावलं. बायको गुंगीतून नुकती बाहेर येत होती. उशाशी मशीनच्या पडद्यावर हिरवी रेघ चालली होती आणि तिची टोकं सारख्या अंतरानं येताहेत हे मलाही दिसत होतं. पण मेहुणीनं पडद्याकडे बघितलं नाही. तिनं बहिणीचं मनगट हातात घेतलं आणि छताकडे पाहिलं. खोलीतले सगळे थांबले. मिनिट गेलं.

"रेग्युलर," ती म्हणाली.

मग ती बाहेर निघून गेली. बऱ्याच वेळानं मी शोधायला गेलो, तर ती कॉरिडॉरच्या टोकाला मशीनपाशी उभी राहून कॉफी पीत होती. ही कॉफी तिनं सगळ्या शहराची बंद केलेली होती. मला बघून तिनं कप मागे लपवला. मीही कप पाहिला नाही.

वसंतात बायको न थांबता टेकडी चढली. कमिटीचे गृहस्थ बघायला आले तेव्हा ती त्यांच्याशी फावड्यावर रेलून बोलत होती. परत निघताना त्यांच्या हातात मेथीची जुडी होती आणि तिचं काय करायचं हे त्यांना कळत नसल्याचं लांबूनही दिसत होतं. त्यानंतर काही चांगली वर्षं मिळाली. चाकवत भरघोस येई. मेहुणीला ओट्यावरून पुन्हा, प्रेमानं, दूर करण्यात आलं.

पुढचं थोडक्यात लिहितो. गेल्या वर्षी बायको आजारी पडली ती दुसऱ्याच कशानं. पोटात कुठंतरी सुरू झालं आणि आम्हाला कळेपर्यंत पसरलं होतं. हृदयाचा त्यात काही दोष नव्हता. मेहुणी या गोष्टीनं अतिशय अपमानित झाल्यासारखी वागे. आपण एका दारावर पहारा ठेवावा आणि चोर भलत्याच खिडकीनं यावा, तसं. शेवटचे दिवस घरीच गेले. मी एका बाजूला पुस्तक घेऊन बसत असे, पान न उलटता. दुसऱ्या बाजूला मेहुणी मनगट धरून बसे. "रेग्युलर आहे ताई," ती मधूनमधून सांगे. एकदा बायकोनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाकी सगळी डिपार्टमेंटं बंद पडली गं. तुझं तेवढं चालू." दोघी बहिणी हसल्या. शेवटपर्यंत तिचा एक ठोका चुकला नाही. मग तो थांबला, तेही नेटकेपणानं.

अलॉटमेंट आता माझ्या नावावर आहे. मी वाईट खणतो, पण खणतो. यंदा मेथी आली. तिला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. मेहुणी रविवारी येते. ओट्याशी जाते, मी वरून आणलेली भाजी वजन करून घेते, मोहरी जाळते आणि आठवड्याचे डबे भरून फ्रिजमध्ये लावते. मला रक्ताचं कुठलंही औषध चालू नाही. हे मी तिला एकदा सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी वाढली. मी मीठ घेत नाही.

निघताना दारात ती माझा हात घेते. बोटं मनगटावर बसतात, नजर छताला लागते. तोंडानं काही विचारत नाही. विचारायला आता आमच्याकडे फारसं कुणी उरलेलं नाही. जिला मिनिट पाठ होतं, त्या माझ्या मेहुणीचं मोजणं आता दर रविवारी चुकतं. मिनिट होतं, माझ्या हिशेबानं केव्हाच होऊन जातं, आणि "रेग्युलर" म्हणायच्या वेळी ती मान हलवते.

"चुकलं न बाप्पा," म्हणते. "थांबा भाऊजी, पुन्हा मोजते."

मी थांबतो. मला कुठं जायचं नसतं.